ज्युनियरच्या नावाने

क्रिस्तियानो ज्युनियरला मी प्रत्यक्ष कधीच पाहिलं नाही. ब्राझीलचा हा फुटबॉल स्ट्रायकर भारतात आला, आधी कोलकात्यात आणि मग गोव्यात खेळला. आम्ही उत्तर नागपुरातले, बेझनबागच्या मैदानावर वाढलेले पोट्टे. तरी २००४च्या डिसेंबरात तो गेला तेव्हा आमच्या मैदानावर घरातलं कुणी गेल्यासारखं झालं होतं.

तो आमच्यापर्यंत पोहोचला मोतीबागेतून. तिथल्या रेल्वे वसाहतीत बंगाली कुटुंबं होती. एकाच घरात बाप मोहन बागान क्लबचा आणि मुलगा ईस्ट बंगालचा, असला प्रकार. आमच्या संघातला एक मित्र त्यांतलाच. कोलकात्याहून कुणी आलं की त्याच्यासाठी वर्तमानपत्रांची कात्रणं यायची. बंगाली आम्हाला वाचता येत नव्हतं, तो वाचून दाखवायचा आणि आम्ही फोटो बघायचो. २००३-०४च्या नॅशनल लीगमध्ये ज्युनियरने ईस्ट बंगालसाठी १५ गोल मारले, सर्वाधिक गोल त्याचेच होते आणि विजेतेपदही ईस्ट बंगालचं. पुढच्या मोसमात तो गोव्याच्या डेम्पोकडे गेला. आमचा मित्र नाराज झाला, पण कात्रणं जमवणं त्याने सोडलं नाही. मग आम्ही सगळेच डेम्पोचे झालो. आर्मांदो कुलासो प्रशिक्षक, सोबतीला रँटी मार्टिन्स, आणि पुढे ज्युनियर.

५ डिसेंबर २००४, रविवार. बंगळुरूच्या कांतीरवा स्टेडियमवर फेडरेशन कपचा अंतिम सामना, डेम्पो विरुद्ध मोहन बागान. डेम्पोने तो २-० असा जिंकला आणि दोन्ही गोल ज्युनियरचे. दुसरा गोल मारताना पुढे झेपावलेल्या गोलरक्षक सुब्रत पालशी त्याची टक्कर झाली. चेंडू जाळ्यात गेला, ज्युनियर खाली पडला तो उठलाच नाही. त्याचं हृदय बंद पडलं होतं. वय २५ वर्षं. मैदानावर वैद्यकीय मदत वेळेत मिळाली का, यावरून देशभर संताप उसळला.

दुसऱ्या दिवशी महापरिनिर्वाण दिन होता. रिझर्व्ह बँक चौकात बाबासाहेबांना अभिवादन करायला आम्ही सगळे जमलो होतो. तिथेच आमच्या प्रशिक्षक सरांच्या हातात पेपर होता. त्यांनी बातमी मोठ्याने वाचली आणि घडी घालून पेपर खिशात ठेवला. संध्याकाळी मैदानावर आलो खरे, पण सराव झाला नाही. कुणीतरी गोलरक्षकाला शिव्या घालायला सुरुवात केली. सरांनी त्याला तिथेच थांबवलं. ‘तो पोरगा तुमच्याच वयाचा आहे. चेंडूसाठीच गेला होता तो.’

आमचा गोली इतका वेळ गप्प बसला होता. तो म्हणाला, ‘सर, मीपण असाच बाहेर येतो ना.’

‘येशील, आणि यायलाच पाहिजे,’ सर म्हणाले. ‘पण कुणी पडलं तर काय करायचं, हे आपल्यातल्या एकाला तरी माहीत आहे का?’

कुणालाच माहीत नव्हतं.

डेम्पोने ज्युनियरचा १० नंबरचा शर्ट निवृत्त केला आणि त्याच मोसमात नॅशनल लीगही जिंकली. जून २००३मध्ये कॅमेरूनचा मार्क-व्हिव्हियन फो, जानेवारी २००४मध्ये बेन्फिकाचा मिक्लोश फेहेर आणि डिसेंबरात आमचा ज्युनियर. दीड वर्षाच्या आत तिघे सामना खेळताना कोसळले आणि गेले.

सरांचा तो प्रश्न काही वर्षांनी आमच्याच अंगावर आला. ऐन पावसाळ्यातली स्पर्धा, मैदानात घोट्याएवढा चिखल. आमच्या लेफ्ट विंगरच्या छातीवर जवळून मारलेला चेंडू आदळला आणि तो कोसळला. डोळे पांढरे झालेले. ॲम्ब्युलन्स नव्हती. प्रथमोपचार पेटीत एक स्प्रे आणि क्रेप बँडेज. बूट, चिखल सगळ्यासकट त्याला ऑटोत टाकला आणि मेयो रुग्णालयाकडे निघालो. वाटेत तो शुद्धीवर आला, वाचला. पण त्या ऑटोत त्याचा हात धरून बसलेलो असताना माझ्या डोळ्यांपुढे ज्युनियरच होता.

त्यानंतर मेडिकल कॉलेजमधल्या एका निवासी डॉक्टरांना आम्ही मैदानावर बोलावलं. त्यांनी उशीवर शिकवलं: माणूस प्रतिसाद देत नाही, श्वास नीट चालत नाही, तर वाट बघायची नाही. एकाने ॲम्ब्युलन्ससाठी १०८ला फोन लावायचा, दुसऱ्याने तळहाताचा मनगटाजवळचा भाग छातीच्या मधोमध ठेवून दाबायला लागायचं. पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा, मदत येईपर्यंत. हृदय बंद पडलेल्या माणसाची जगण्याची शक्यता मदतीविना जाणाऱ्या प्रत्येक मिनिटागणिक सात ते दहा टक्क्यांनी घटते. २०२१मध्ये डेन्मार्कचा एरिक्सन मैदानात कोसळला, तेव्हा छातीवर दाब आणि विजेचा झटका देणारं यंत्र लगेच मिळालं. तो वाचला, पुढे पुन्हा खेळलाही.

जुलै २०२५मध्ये लिव्हरपूलचा दियोगो जोटा मोटार अपघातात गेला तेव्हा आमची आताची पोरं फार हळहळली. लॉर्ड्सवर विकेट घेतल्यावर क्रिकेटपटू सिराजने बोटांनी त्याचा २० नंबर दाखवला, तो फोटो प्रत्येकाच्या मोबाइलवर. त्यांना मी ज्युनियरची गोष्ट सांगितली. जोटासाठी आपल्याला काही करता येण्याजोगं नव्हतं, पण आपल्या मैदानावर पडणाऱ्या खेळाडूसाठी खूप काही करता येतं.

म्हणून ५ डिसेंबरच्या आसपासच्या रविवारी आम्ही ज्युनियरच्या नावाने सामना खेळतो. त्याआधी प्रत्येक खेळाडू, अगदी बारा वर्षांचाही, गुडघ्यावर बसून छाती दाबायचा सराव करतो. हार नाही, भाषण नाही. आवडत्या खेळाडूची याहून चांगली आठवण मला माहीत नाही.

स्पर्धा भरवणाऱ्या प्रत्येक मंडळाला माझं कळकळीचं सांगणं आहे. ट्रॉफी थोडी लहान घ्या, पाहुण्यांचे सत्कार कमी करा, पण मैदानाशेजारी ॲम्ब्युलन्स आणि छाती दाबता येणारी चार माणसं ठेवा. आणि पालकांनो, ॲम्ब्युलन्स आली आहे का, हे आधी विचारा. नसेल तर सामना सुरू होऊ देऊ नका.