ऐनवेळच्या ऑर्डरी



गणपतीला चाकरमानी कुडाळ स्टेशनावर उतरले की इथे मालवणात माझा फोन सुरू होतो. "काकू, आज रात्री वाढदिवस आहे, बिनअंड्याचा केक मिळेल?" नेमके भाद्रपद शुद्ध पंचमीपासून आपले दशलक्षण पर्वही असते.

पुष्कळजणी स्पंज आधीच भाजून फ्रीजरमध्ये ठेवतात. मी घरच्या गव्हाच्या पिठाचा केक करते आणि पिठाची मर्यादा पावसाळ्यात 3 दिवस, उन्हाळ्यात 5, हिवाळ्यात 7. दमट हवेत पिठात किडे लवकर होतात. घाई कितीही असो, चाळणी चुकवायची नाही. सूर्यास्तानंतर ओव्हन बंद.

म्हणून उत्तर ठरलेले. दुपारी 2 पर्यंत सांगितलेत तर केक, कारण स्पंज पुरता गार व्हायला दोनेक तास हवेत; कोमट स्पंजावर क्रीम वितळते. 4 पर्यंत सांगितलेत तर साजूक तुपाची नानकटाई. ती 20 मिनिटांत भाजते, सजावट लागत नाही. त्यानंतर उद्याचे बोलू.

एखादे गिऱ्हाईक तुटते. पण कारण नीट सांगितले तर बरेचजण पुढच्या वेळी आठवडाभर आधी फोन करतात. दशलक्षणातला सहावा दिवस उत्तम संयमाचा. गोड आवाजात 'नाही' म्हणणे हाही त्याचाच अभ्यास.