गिटारच्या डब्याचा तिसरा पाय

आज पिकाचं नाही, एका डब्याचं लिहितोय. पण विषय रात्रीच्या पाण्याचाच आहे.

आमच्या पोरानं कॉलेजात गिटार शिकायला घेतली तेव्हा एक छोटा डिजिटल अॅम्प्लिफायर आणला होता. पाच लिटरच्या तेलाच्या कॅनएवढा असेल. पोरगा नोकरीला पुण्यात गेला, गिटारही गेली, डबा घरीच राहिला. त्याला मोबाईल जोडता येतो, सहा पेन्सिल सेलवर चालतो आणि आवाज मोबाईलपेक्षा कितीतरी मोठा. म्हणून तो माझ्याबरोबर रानात यायला लागला.

आपल्या बेट भागात रात्री दारं धरायला जाणं म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पिंपरखेड परिसरात तीन आठवड्यांत बिबट्यानं तीन माणसं मारली, त्यात दोन लेकरं. नंतर तिथले लोक गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून रानात जाताना सगळ्यांनी पाहिले. तेव्हापासून मी रात्री कीर्तन लावून डबा बांधावर ठेवतो. आवाज चालू असला की वाकून खोरं मारायला जरा धीर येतो.

तर कांद्याला पाणी चालू होतं. रात्रीचा दीड वाजला असेल. शेजारी तोडणीला आलेला ऊस. कीर्तन एकदम बंद. मी डब्याला चापट मारली, सेल फिरवले, काही नाही. मोटर तशीच सोडून आलो घरी. सकाळी दोन वाफे फुटलेले.

आमची मंडळी म्हणाली, "सेल संपले असतील." नवे टाकले, तरी गप्प. अडॅप्टर लावला की मात्र खडखडीत चालतो. म्हणजे डबा चांगला आहे, सेलही चांगले आहेत, बिघाड मधेच कुठंतरी. असली भानगड माझ्या आवडीची.

उघडला. स्पीकरच्या चुंबकानं दोन स्क्रू गिळले, ते काढण्यात अर्धा तास. मग मल्टिमीटर लावला. सहा सेल दीड व्होल्टचे, म्हणजे नऊ. सेलच्या खोक्यावर नऊ मिळतात, पुढं पट्टीवर शून्य. वाट अडली होती ती अडॅप्टरची पिन घालतो त्या सॉकेटमध्ये.

हे मला आधी माहीत नव्हतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. त्या सॉकेटला तीन पाय असतात. दोन प्लस-मायनसचे. तिसरा सेलचा. पिन बाहेर असते तेव्हा आतली पितळी पट्टी तिसऱ्या पायाला टेकलेली असते आणि करंट सेलमधून येतो. पिन घातली की पट्टी उचलली जाते, सेल तुटतात, अडॅप्टर चालू होतो. आमची पट्टी पिन घालून-काढून ढिली पडलेली, वर खताची नि मातीची धूळ. चिमट्यानं दाबली की दिवा लागायचा, सोडली की गेला.

पहिल्यांदा नुसती साफ केली, चिमट्यानं थोडी वाकवली. तीन रात्री चाललं. चौथ्या रात्री पुन्हा तेच, तेही उसाच्या कडेलाच. त्या रात्री घरापर्यंत मोठ्यानं हरिपाठ म्हणत आलो. हसू नका.

शेजारचे तात्या म्हणाले, "दोन पाय डायरेक्ट जोडून टाक की, कशाला नवीन?" मोह झाला होता. सेलवर चाललंही असतं. पण मग कुणी चुकून अडॅप्टर लावला की त्याचा करंट सरळ सेलमध्ये शिरणार. साधे सेल चार्जिंगचे नसतात, ते तापतात, गळतात, फुटूही शकतात. घरात लहान पोरं आहेत. नको म्हणलं.

संध्याकाळी पोराला फोन लावला. तो पहिलं काय बोलला तर, "पप्पा, फवारणी पंपाचा चार्जर लावू नका हां त्याला!" पिन तर बसते, मग काय झालं? तर गिटारच्या बहुतेक सामानात आतली मधली पिन मायनस असते, बाहेरची प्लस. आपल्या पंपाच्या चार्जरचं साधारण उलट, आणि तो बारा व्होल्टच्या बॅटरीसाठी. लावला असता तर डब्यातला डिजिटल भाग जळून गेला असता. हे वाचून निदान एकाचं तरी सामान वाचेल.

शिरूरच्या बाजारातून तीन पायांचं सॉकेट आणलं. जुनं काढताना माझी चूक झाली. स्टार्टरची जाड वायर जोडायची मोठी सोल्डरिंग गन वापरली, आणि उष्णतेनं पट्टीवरचा तांब्याचा पापुद्रा उचलला गेला. बारीक कामाला पंचवीस वॅटची पुरते. मग वायरचा एक केस काढून त्या जागी पूल बांधला. नवीन सॉकेटचे पाय जुन्या भोकांत बसेनात, म्हणून डब्याच्या पाठीला भोक पाडून तिथं बसवलं आणि आत तीन वायरी नेल्या. तिरकं बसलंय. फोटोत दिसेल, चिडवू नका.

बंद करायच्या आधी मीटरनं पुन्हा तपासलं. पिन बाहेर, सेलचे नऊ येतात. पिन आत, सेलची वाट बंद. दहा वेळा घातली-काढली.

पोराला फोटो पाठवला तर म्हणतो, "आता गिटार लावली तर वाजेल का?" वाजेल की, गिटारची जागा तर मी हातसुद्धा लावली नाही. तो सुट्टीला येईल तेव्हा बघू.

आमच्या फीडरला सोमवारपासून पुन्हा रात्रीची लाईट आहे. सेल नवे टाकलेत, दोन खिशात ठेवलेत. तात्यांना म्हणलंय, तुम्हीही चला, एकट्यानं नको.