शहाऐंशी नासपती

आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळात दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी व्याख्यान असतं. व्याख्याता बाहेरून आणायचा म्हणजे रिक्षाभाडं, शाल आणि श्रीफळ आलं. म्हणून गेली काही वर्षं मंडळ घरचेच व्याख्याते वापरतं. त्यात शाल वाचते, आणि नारळ मागच्या महिन्यातला चालतो. यंदा माझा नंबर लागला. विषय चिटणीसांनीच ठरवून टाकला होता – ‘युरोपातील प्रबोधनकाळ : कला, सागरी शोध, विज्ञान व धर्मसुधारणा’. वेळ पाऊण तास.

“पण हा विषय मला का?”

“तुम्ही इटली बघून आलात ना!”

आलो होतो हे खरं. पण अकरा दिवसांत सहा देश, असा तो दौरा. त्यात इटलीच्या वाट्याला अडीच दिवस, आणि त्यातला अर्धा माझी चष्म्याची डबी शोधण्यात गेला. सिस्टाइन चॅपेलमध्ये आम्हांला नेलं होतं. तिथं इतकी गर्दी, की चुकामूक होऊ नये म्हणून आमच्या टूर मॅनेजरनं हातात एक पिवळी छत्री उंच धरली होती. जगातल्या सर्वांत प्रसिद्ध छताखाली मी वीस मिनिटं उभा होतो आणि वीसही मिनिटं त्या छत्रीकडे बघत होतो.

तरी तयारीला लागलो. पुस्तकं आणली. पाठकोऱ्या कागदांवर सनावळ्या काढल्या. १४५५ च्या सुमारास गुटेनबर्गचं छापील बायबल. १४९२ ला कोलंबस निघाला हिंदुस्थानला आणि पोचला भलतीकडेच. १४९८ ला वास्को द गामा मात्र कालिकतला बरोबर येऊन धडकला (आपल्याकडे यायचं ठरवलं की कुणीतरी पोचतोच). १५१७ ला ल्यूथरचं भांडण, १५४३ ला कोपर्निकसचं पुस्तक. ही यादी मी हिला मोठ्यानं वाचून दाखवली.

“हे मी शाळेत पाठ केलंय,” ही वाटाण्याच्या शेंगा सोलता सोलता म्हणाली. “याला भाषण नाही म्हणत. हे रेल्वेचं टाइमटेबल झालं.”

मग या थोर काळातल्या एखाद्या माणसाच्या तोंडूनच काही ऐकावं, या विचारानं वाचनालयातून मायकेलअँजेलोच्या पत्रांचा इंग्रजी अनुवाद आणला. दाविदाचा पुतळा घडवणारा हा माणूस. १४७५ साली जन्मला, १५६४ साली गेला. नव्वदीला वर्षभर कमी. त्याची पाचशेच्या आसपास पत्रं आजही शिल्लक आहेत. म्हटलं, सौंदर्य, आत्मा, दगडात दडलेली मूर्ती असलं काहीतरी हाती लागेल. दोन वाक्यं उचलावीत, श्रोत्यांनी माना डोलवाव्यात.

पहिलं उघडलं ते पैशाचं. दुसरं उघडलं तेही पैशाचं. तिसऱ्यात भावाच्या दुकानासाठी पैसे. चौथ्यात, बापानं न विचारता काढलेले पैसे.

मी पुस्तकाचं कव्हर पुन्हा तपासलं.

बुओनारोती म्हणजे फ्लॉरेन्समधलं जुन्या खानदानाचं पण खिसा फाटलेलं घराणं. पाच भावांत हा दुसरा. थोरला साधू होऊन मठात गेला, म्हणजे व्यवहारात थोरला हाच. पोरगं चित्रं काढतं म्हणून लहानपणी बापाचा मार खाल्ला होता. घराण्याला ते शोभत नव्हतं. पुढे त्या चित्रांवर घर चालायला लागलं, तेव्हा घराण्याला शोभायला लागलं. बाप परगावच्या मुलाला पत्रातून जपायला सांगे, तेही कसं? डोकं उबदार ठेव, अंग चोळून घे, पण आंघोळ मात्र कधी करू नकोस! हे १५०० सालचं पत्र. युरोपात नवा सूर्य उगवत होता म्हणतात, पण पाणी तापलेलं दिसत नाही.

मुलगा राबत होता. बोलोन्याला पोपचा काशाचा पुतळा ओतायला गेला, तिथून त्यानं भावाला कळवलं की एकच पलंग घेतलाय आणि त्यावर आम्ही चौघं झोपतो. हे वाचलं आणि मला एकदम आपल्यातला वाटला. गिरगावच्या चाळीत माणसं पाळीपाळीनं झोपत. चौघांना पलंग म्हणजे चैनच.

मग ते छत. मे १५०८ मध्ये पाचशे डुकाट उचल घेऊन कामाला लागला. स्वतःला शिल्पकार म्हणवणारा माणूस; रंगकाम हा आपला धंदाच नव्हे, असं त्याचं म्हणणं. पुढे सिनेमात दाखवतात तसा तो पाठीवर पडून रंगवत नव्हता. वीस मीटर उंचीच्या छताखाली स्वतः आखलेल्या परातीवर उभा राहून, मान मागे टाकून रंगवत होता. सुरुवातीलाच ओल्या गिलाव्यावर बुरशी धरली. बापाला लिहितो, वर्षभर पोपकडून दमडी मिळालेली नाही, आणि मी मागतही नाही, कारण मागावी असं काम अजून पुढं सरकलेलं नाही. (आमच्या घराच्या रंगाऱ्याला हे पत्र वाचायला द्यावं म्हणतो.) त्याच सुमारास धाकट्या भावानं घरी बापाशी भांडण काढलं, तर त्याला वरून दम भरला: बारा वर्षं इटलीभर वणवण केली, मानहानी सोसली, ती कुणासाठी? चार वर्षांनी, ऑक्टोबर १५१२ मध्ये, छत पुरं झालं. बापाला एका ओळीत कळवलं. चॅपेल झालं, पोपसाहेब खूष आहेत. एवढंच. आणि पुढे लगेच इतर गोष्टी मनासारख्या होत नसल्याची तक्रार.

१५१७ साली तिकडे ल्यूथरनं चर्चच्या दाराशी वादळ उठवलं म्हणतात. इकडे पुढच्याच वर्षी एका पत्राच्या पाठीवर मायकेलअँजेलोनं आपल्या जेवणाची यादी केली आहे: पाव, मासे, सॅलड, पालक, दारूचा चंबू. प्रत्येक जिन्नसाशेजारी त्याचं चित्रही काढलंय. हाही प्रबोधनकाळच. आणि कागद पाठकोराच वापरलेला, हे बघून मला माझ्या सनावळ्यांबद्दल जरा बरं वाटलं.

पण खरी मजा म्हातारपणची. भाऊ बुओनारोतो १५२८ साली प्लेगात गेला. त्याचा मुलगा लिओनार्दो – दा विंची नव्हे, हा नुसताच पुतण्या. स्वतः बिनलग्नाचा काका रोमला, पुतण्या फ्लॉरेन्सला. शंभराहून कितीतरी अधिक पत्रं या एकट्याला आहेत, आणि बहुतेक पत्रांत बोलणी. पाठवलेले शर्ट इतके जाडेभरडे आहेत की इथला शेतकरीही अंगात घालणार नाही. तुझं अक्षर वाचायचं म्हणजे मला ताप भरतो. लग्नाचं बघायला लागलास तर हुंडा बघू नकोस, घराणं बघ. रूपही फार बघू नकोस, तू स्वतः काही फ्लॉरेन्समधला मदनाचा पुतळा नाहीस. (हे दाविद घडवणाऱ्यानं सांगायचं!) एक स्थळ आलं, तर मुलीला लांबचं कमी दिसतं, हे काही लहान व्यंग नव्हे. असं वर्षानुवर्षं चाललं. अखेर १५५३ साली लग्न जमलं, आणि या चिक्कू काकानं सुनेला दोन अंगठ्या पाठवल्या. एक हिऱ्याची, एक माणकाची.

आणि १५४८ सालचं ते पत्र. पुतण्यानं गावाकडून नासपतींचा बोजा पाठवला होता. काकानं पोच दिली: एकूण ८६ निघाल्या. त्यांतल्या ३३ पोपसाहेबांना पाठवल्या. त्यांना फार आवडल्या. सोबतचं चीज मात्र पोचलं नाही. जकातीवाले म्हणतात तो खेचरवालाच लबाड आहे. तो रोममध्ये सापडला की बघतो त्याच्याकडे.

मी पुस्तक मिटून ठेवलं. हे पत्र मी पूर्वी वाचलं होतं. मराठीत. पोस्टकार्डावर.

आमचे नानाकाका मुंबईत एका बोटकंपनीत कारकून. लग्न केलं नाही. आम्ही राजापूरकडे. दर महिन्याला त्यांची वीस रुपयांची मनिऑर्डर यायची आणि मागून एक कार्ड, त्यात बोलणी. मे महिन्यात आम्ही पेटी पाठवली की कार्ड येई: “आंबे पोचले. साठ निघाले. पाच नासके. दोन डझन साहेबांकडे पोचते केले. साहेब खूष. पेंढा कमी घातला होता. चि. बाळ्याचं अक्षर पाहून वाईट वाटलं.” बाळ्या म्हणजे मी.

नानाकाकांचा साहेब कोण होता ते आम्हांला कधी कळलं नाही. मायकेलअँजेलोचा साहेब मात्र शोधता येतो, म्हणून शोधला. १५४८ साली पोप म्हणजे तिसरा पॉल. यानंच मायकेलअँजेलोकडून सिस्टाइनच्या भिंतीवर ‘अखेरचा न्याय’ रंगवून घेतला. १५४१ ला तो पुरा झाला. नव्यानं सापडलेल्या मुलखांतली माणसं ही माणसंच आहेत, त्यांना गुलाम करता येणार नाही, असा फतवा यानंच १५३७ साली काढला. कुणी कितपत पाळला ते सोडा. १५४० साली जेझुइटांच्या संघाला मंजुरी यानंच दिली, आणि दोन वर्षांत त्यांतला फ्रान्सिस झेवियर गोव्याच्या धक्क्यावर उतरला. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, असं सांगणारं कोपर्निकसचं पुस्तक अर्पण केलंय तेही यालाच. ल्यूथरच्या बंडाला उत्तर म्हणून १५४५ साली ट्रेंटची धर्मसभा भरवली तीही यानंच. आणि ज्या सेंट पीटर्स देवळाच्या बांधकामासाठी पापमुक्तीच्या चिठ्ठ्या विकल्या म्हणून ल्यूथर पिसाळला, त्याच देवळाचं अडलेलं काम यानं एकाहत्तर वर्षांच्या मायकेलअँजेलोच्या गळ्यात घातलं. म्हातारा पगार नको म्हणाला. कला, सागरी शोध, विज्ञान, धर्मसुधारणा – चिटणीसांचा अख्खा विषय बसून नासपती खात होता.

भाषण झालं होतं माझं. पण पुस्तक पुढं वाचायचा मोह झाला.

१५४४ साली काका आजारी पडला. पुतण्या धावत रोमला आला. काकानं भेट तर दिली नाहीच, वर लिहिलं की मी मेलो का आणि मागं काय ठेवलंय, ते बघायला तू आलास.

अडुसष्ट साली तार आली, नाना सिरियस. मी रातोरात एस.टी.नं गिरगावात पोचलो. नानाकाका खाटेवर उठून बसले होते. म्हणाले, “रजा वाया घालवलीस. एवढ्यात जात नाही मी. आणि ट्रंकेची किल्ली माझ्या जानव्याला आहे, उगाच शोधू नकोस.” बाविशीचा होतो. संध्याकाळच्या गाडीनं परतलो. त्यानंतर त्यांची तीन-चार कार्डं आली. मी उत्तर धाडलं नाही. पुढच्या पावसाळ्यात ते गेले.

मायकेलअँजेलोच्या मरणानंतर त्याच्या घरात आठ हजारांहून अधिक सोन्याची नाणी निघाली. नानाकाकांच्या ट्रंकेत दोऱ्यात ओवलेल्या मनिऑर्डरच्या पोचा निघाल्या, चौदा वर्षांच्या, महिनेवार. शेवटच्या काहींवर माझी सही होती. अक्षर खरंच वाईट होतं.

तो फ्लॉरेन्सचा पुतण्या पोचेपर्यंत काका गेला होता. त्यानं काय केलं, तर रोमकरांना पत्ता लागू न देता काकाचा देह मालाच्या गठ्ठ्यासारखा बांधून फ्लॉरेन्सला नेला, आणि तिथं सांता क्रोचेत पुरला. आणि आयुष्यभर खाल्लेल्या शिव्यांचं एकेक पत्र जपून ठेवलं. त्याच्या मुलानं पुढं घराचं स्मारक केलं. नासपती ८६ होत्या हे आज आपल्याला कळतं ते त्यामुळे. आम्ही राजापूरचं घर विकलं तेव्हा माळ्यावरचे कागद रद्दीवाल्यानं नेले. एकवीस किलो भरले. त्यांत नानाकाकांची कार्डं किती, हे तराजूनं सांगितलं नाही.

शनिवारी भाषण झालं. सनावळ्या पाच मिनिटांत उरकल्या आणि नासपतींवर आलो. पाऊण तासानं चिटणीसांनी घंटी वाजवली, पण तोवर दुसऱ्या रांगेतले एक गृहस्थ उभे राहून आपल्या बडोद्याच्या मामांबद्दल सांगू लागले होते. त्यांच्यामागून एका बाईंनी आपल्या आत्याच्या अक्षराचा विषय काढला. तिसऱ्यांच्या काकांनी म्हणे सायकल घेऊन दिली आणि आयुष्यभर ती ऐकवली. चहा दोनदा तापवावा लागला. सात वाजता वॉचमननं दिवे घालवले तरी मंडळी जिन्यात बोलतच होती.

इतिवृत्तात चिटणीसांनी लिहिलं: “विषय – प्रबोधनकाळ. चर्चा – कौटुंबिक.” नारळ मिळाला. घरी आणून फोडला, तर नासका निघाला.