पंधरा रुपयांची मनीऑर्डर

लेख लिहून पैसे मिळतात, असं लग्नाआधी मला कुणी सांगितलं असतं, तर मी हसले असते. पण १९८१ च्या ऑगस्टमध्ये आमच्या पाचगणीच्या घरी पोस्टमन छत्री मिटून ओसरीवर उभा राहिला आणि म्हणाला, "वहिनी, सही करा. पंधरा रुपये आलेत!"

त्याचं असं झालं. खाली वाईत ऊन असतं आणि पसरणीचा घाट चढून वर यावं, तर इथं धुकं थेट स्वयंपाकघरात शिरलेलं. मीठ पाझरतं, पापड सादळतात, बाळाची दुपटी चार-चार दिवस वाळत नाहीत. मुलगा तेव्हा सहा महिन्यांचा होता. दुपारी तो निजला की मी एका साप्ताहिकासाठी 'पावसाळ्यातल्या दहा युक्त्या' लिहीत बसे. मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे टाकावेत, काडेपेटी तांदळाच्या डब्यात ठेवावी, शेगडीवर बांबूची टोपली पालथी घालून तिच्यावर दुपटी वाळवावीत, असं काहीबाही. घरात कुणाला बोलले नव्हते. युक्त्या छापून आल्या, खाली माझं नाव!

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. "कशाचे गं पैसे?" मी अंक आणून वाचून दाखवला. वाचता वाचता लक्षात आलं, दहांतल्या सात युक्त्या त्यांच्याच होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण त्यावर त्या काहीच बोलल्या नाहीत. शेगडीचं ऐकून मात्र त्यांचा हात थांबला.

"आणि खिडकी?"

"कसली खिडकी, मामी?"

"कोळशाची शेगडी घरात, तर खिडकी उघडी हवी. निजायच्या आधी शेगडी बाहेर. हे नाही लिहिलंस?"

नव्हतं लिहिलं. मामी रोज न बोलता खिडकी उघडत, म्हणून ते मला सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं. बंद खोलीत कोळसा जळला की कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला ना रंग, ना वास. झोपलेलं माणूस झोपेतच जातं. हे शास्त्र मला पुढं कळलं, पण मामींचा चेहरा पाहूनच पोटात गोळा आला. माझं वाचून कुणी बाळाच्या खोलीत शेगडी ठेवली असेल तर? त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळीच संपादकांना पत्र टाकलं. पुढं चार ओळींची दुरुस्ती छापून आली. 'माझ्या सासूबाई सांगतात' अशी तिची सुरुवात होती. तिचे पैसे अर्थातच आले नाहीत.

तोवर मला नाव छापून येण्याचं नुसतं अप्रूप होतं. आमच्या या भागात लिहिण्याची परंपरा जुनी. 'स्त्री' मासिक १९३० साली निघालं ते किर्लोस्करवाडीहून. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या मराठी विश्वकोशाचं काम उभं राहिलं ते घाटाखाली, वाईत. १९७६ साली त्याचा पहिला खंड निघाला. त्यात नोंदीच्या शेवटी लिहिणाऱ्याचं नाव असतं. ते का, हे मला त्या दुरुस्तीनंतर उमगलं. चुकलं तर विचारायचं कुणाला, ते कळायला हवं ना!

पंधरातले दहा रुपये मी मामींपुढं ठेवले. त्यांनी पाचच उचलले आणि माझ्याच हातात परत दिले. "याची पाकिटं नि तिकिटं आण. माझ्याकडे अजून पुष्कळ आहे." त्यांना सहीपुरतंच लिहिता येई. त्यानंतर कितीतरी वर्षं त्या सांगत, मी लिही, आणि खाली दोघींची नावं जात.

आता मनीऑर्डरची वाट पाहावी लागत नाही. आमची सून फोनवरच पाककृती लिहून धाडते, मानधन परस्पर बँकेत जमा होतं. मैत्रिणींनो, जरूर लिहा. स्वतःच्या कमाईच्या पैशाची गोडी काही निराळीच! फक्त धाडण्याआधी घरातल्या जुन्या माणसाला एकदा वाचून दाखवा. सून मला दाखवते. मी सगळं ऐकून घेते आणि विचारते, "खिडकी लिहिलीस का?"