इंग्रजी शब्दांचा कुलवृत्तांत

व्युत्पत्तीचा नाद पत्त्यांच्या नादाहून स्वस्त खरा. परंतु सुटण्यास तितकाच कठीण. आम्हांस तो पाठशाळेंत संस्कृत शिकतांना जडला, पुढें वर्गांत मुलांकडून धातुरूपें घोकवून घेतांना वाढला, आणि सेवानिवृत्तीनंतर तर त्यास कोणाचाच धरबंध उरला नाहीं. अलीकडे हा नाद घरोघर शिरलेला दिसतो. सकाळीं भ्रमणध्वनी उघडावा, तों कोणा तरी आप्ताचा संदेश येऊन पडलेला असतो कीं, ‘नेव्हिगेशन’ हा इंग्रजी शब्द आपल्या ‘नवगति’ या शब्दापासून निघाला! खालीं अभिमानाच्या चारपांच ओळी, आणि हा मजकूर आणखी दहा जणांस पाठविण्याची आज्ञा.

संस्कृताविषयीं आमचें प्रेम कोणाहून उणें नाहीं. म्हणूनच असले संदेश वाचून आम्हांस वाईट वाटतें. ‘नवगति’ म्हणजे फार तर नवी चाल. तींत नौका आहे कोठें? खरी हकीकत याहून कितीतरी गोड आहे. लॅटिन भाषेंत ‘नाविस’ म्हणजे जहाज आणि ‘आगेरे’ म्हणजे हांकणें. या दोहोंपासून जहाज हांकण्याचें क्रियापद झालें व त्यापासून ‘नेव्हिगेशन’. आतां ‘नाविस’ची सख्खी बहीण आमची ‘नौ’, आणि ‘आगेरे’चा सख्खा भाऊ हांकणें या अर्थाचा आमचा ‘अज्’ धातु. शब्दाचे दोन्ही अवयव आपल्या नात्यांतलेच निघाले! मात्र हें नातें भावंडांचें आहे, मायलेकरांचें नव्हे. सर विल्यम जोन्स यांनीं १७८६ सालीं कलकत्त्यास एशियाटिक सोसायटीपुढें हेंच सांगितलें कीं, संस्कृत, ग्रीक व लॅटिन या तिघी एकाच मूळ भाषेपासून निघाल्या असल्या पाहिजेत, आणि ती मूळ भाषा कदाचित् आज अस्तित्वांतही नसेल. घराण्याचा कुलवृत्तांत छापतांना आपण चुलतभावास मुलगा म्हणून लावीत नाहीं. मग शब्दांच्याच बाबतींत ही मोकळीक कां?

याहूनही वाईट खोड म्हणजे शब्दाचा मूळ अर्थ उकरून काढून त्याचा दंडुका करणें. मागल्या दिवाळींत आमचे एक वृद्ध स्नेही फराळास आले होते. आमची धाकटी सून बँकेंत नोकरीस आहे. त्या दिवशीं फराळाचीं ताटें थोरलीनें मांडलेलीं पाहून स्नेह्यांनीं विषय काढला कीं, ‘लेडी’ या शब्दाचा मूळ अर्थच मुळीं कणीक मळणारी. इंग्रजांस जें कळलें तें आपण विसरलों! व्युत्पत्ति त्यांनीं सांगितली ती बिनचूक होती. जुन्या इंग्रजींत ‘ह्लाफ’ म्हणजे भाकर. आजचा ‘लोफ’ तो हाच. ‘ह्लाफवेअर्ड’ म्हणजे भाकरीचा राखणदार, त्याचा झिजून ‘लॉर्ड’ झाला. आणि ‘ह्लॅफ्दिगे’ म्हणजे भाकरीचें पीठ मळणारी, तिची झाली ‘लेडी’. सूनबाई आंतून पाणी घेऊन येत होती. ती म्हणाली, “काका, मग लॉर्डानं भाकरीची राखण करायची ना? आपल्या डब्यांत आत्तां पोळ्या किती उरल्यात, हें या घरांतल्या एका तरी पुरुषाला माहीत आहे का?” स्नेह्यांनीं चकली उचलली. आमचे धाकटे चिरंजीव मात्र मुकाट्यानें उठून डबा पाहून आले.

थट्टा राहो. पण सूनबाईचा मुद्दा शास्त्रशुद्ध होता, असें आम्हीं तेथेंच सांगितलें. ‘कुशल’ म्हणजे मुळांत हात न कापतां कुश, अर्थात् दर्भ, तोडून आणणारा. ‘प्रवीण’ म्हणजे वीणा वाजविण्यांत पटाईत. म्हणून कुशल शस्त्रवैद्याकडे जातांना त्यास दर्भ तोडतां येतात कीं नाहीं, हें कोणी विचारतो काय? अवयवांच्या अर्थाहून रूढि बलवान्, हें आपल्या शास्त्रकारांनीं शतकानुशतकें सांगून ठेवलें आहे. आणि शब्दाचा पिच्छा पुरवावयाचाच, तर मुळापर्यंत पुरवावा. त्या ‘दिगे’मधील मळण्याचा धातु व आपला लिंपण्याच्या अर्थाचा ‘दिह्’ धातु हे एकाच मुळाचे; त्याच ‘दिह्’पासून आपला ‘देह’ झाला. तेव्हां कणकेचें नातें एकट्या बायकांशींच कसें राहील?

शब्दांचा मान वाढतो कसा व उतरतो कसा, हेंही पाहण्यासारखें आहे. मुलांच्या इंग्रजी निबंधांत आंब्यापासून आजीपर्यंत सर्व कांहीं ‘नाइस’ असतें. हा शब्द लॅटिन ‘नेस्किउस’पासून आलेला, त्याचा अर्थ अजाण. जुन्या फ्रेंचमध्यें व आरंभीं इंग्रजींतही ‘नाइस’ म्हणजे मूर्ख. पुढें तो चोखंदळ झाला, मग काटेकोर, आणि शेवटीं छान! आपल्याकडे उलट प्रकार घडला. अशोकाच्या शिलालेखांत ‘देवानांप्रिय’ ही प्रत्यक्ष सम्राटाची पदवी. उत्तरकालीन वैयाकरणांच्या हातीं तिचा अर्थ झाला मूर्ख. ‘स्कूल’ शब्दाचें तर नांवच नको. ग्रीक ‘स्खोले’ म्हणजे फुरसत! सारी हयात घंटेच्या टोल्यावर धांवलेल्या मास्तरानें यावर हंसावें कीं रडावें?

मात्र आमचा सर्वांत आवडता शब्द गणितांतला आहे. दहावींतील आमची नात त्रिकोणमितीनें रडकुंडीस आली होती, तेव्हां आम्हीं तिला ‘साइन’ची गोष्ट सांगितली. आर्यभटानें ४९९ सालच्या आपल्या ग्रंथांत वर्तुळाच्या चापास धनुष्य कल्पून त्याच्या दोरीस ‘ज्या’ म्हटलें. कोष्टकें केलीं तीं अर्ध्या ज्येचीं. ज्येचेंच दुसरें नांव ‘जीवा’. हें गणित अरबांनीं घेतलें आणि ‘जीवा’चें ‘जीबा’ केलें. अरबी लिपींत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहींत. मागाहून आलेल्यांस ‘जीबा’ हा परका शब्द उमगेना, म्हणून त्यांनीं तींच अक्षरें आपल्या भाषेंतील ‘जैब’ अशीं वाचलीं. ‘जैब’ म्हणजे वस्त्राची छातीवरील घडी. बाराव्या शतकांत युरोपांतील भाषांतरकारांनीं त्या ‘जैब’चें इमानेंइतबारें लॅटिन केलें: ‘सिनुस’, म्हणजे घडी. तोच आजचा ‘साइन’. हिंदींत खिशाला ‘जेब’ म्हणतात, तीही या ‘जैब’चीच. धनुष्याची दोरी अशी खिशांत जाऊन पडली!

नात गोष्ट ऐकून खुलली व लगेच म्हणाली, “आजोबा, मग कोसाइन म्हणजे आपली कोटिज्याच! दोन्हींत ‘को’ आहे.” मोह पडण्यासारखीच ही जागा. परंतु कोसाइनमधील ‘को’ हा पूरक या अर्थाच्या लॅटिन शब्दाचा संक्षेप. एडमंड गंटर या इंग्रज गणितज्ञानें तो १६२० सालीं रूढ केला. आपल्या कोटीशीं त्याचा संबंध नाहीं. नात जराशी हिरमुसली, पण तिनें तें वहींत लिहून घेतलें.

तेव्हांपासून ती स्वतःच शब्द हुडकून आणते. ‘जंगल’ इंग्रजींत आपल्याकडूनच गेलें, हें तिला ठाऊक होतें. परंतु आयुर्वेदांतील ‘जांगल’ देश म्हणजे अल्पजल व विरळ झाडांचा कोरडा प्रदेश, आणि इंग्रजांचें ‘जंगल’ ओलें, गर्द, वाट न सांपडणारें, हें आम्हीं सांगितल्यावर ती चकित झाली. परवां तिनें विचारलें कीं, ती घालते त्या ‘डंगरी’चें नांव कोठून आलें? तें मुंबईच्या डोंगरीवरून. तेथें मिळणाऱ्या जाड्याभरड्या सुती कापडास इंग्रज व्यापारी सतराव्या शतकांत त्या नांवानें ओळखूं लागले. पुढें त्या कापडाचे खलाशांचे व मजुरांचे कपडे झाले, आणि कापडाचें नांव कपड्यास चिकटलें. आतां मे महिन्यांत मुंबईस गेल्यावर डंगरी घालूनच डोंगरी पाहावयाची, असा तिचा हट्ट आहे. सँडहर्स्ट रोड स्थानकापासून ती जागा जवळच, हें तिनें नकाशांत पाहूनही ठेवलें आहे.