पाडव्याचा निवाडा

गेल्या दिवाळींत, ऐन पाडव्याच्या संध्याकाळीं, आमच्या जुन्या जालन्यांतील घरांत एक खटला उभा राहिला आणि तो ऐकण्यासाठीं मुलांनीं आम्हांस न्यायासनावर बसविलें. उभी हयात वकिलींत गेलेल्या आणि आतां कोणी सल्लाहि विचारीत नाहीं अशा माणसास असें बोलावणें यावें, याहून गोड फराळ तो कोणता? आम्हीं चष्मा पुसला, दोन्ही पक्ष ऐकले आणि घटकाभरांत निकाल देऊन मोकळे झालों. निकाल साफ चुकीचा होता. त्याचीच ही हकीकत आहे.

बलिप्रतिपदेस द्यूतप्रतिपदा असेंहि नांव आहे, हें वाचकांच्या घरांतील वडील मंडळींस ठाऊक असेलच. त्या दिवशीं कांहीं तरी खेळलें पाहिजे, अशी आमच्याकडे जुनी चाल. आमच्या लहानपणीं सोंगट्यांचा पट पडे. पुढें पत्ते आले. आणि आतां पुण्यास शिकणाऱ्या आमच्या नातवानें 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नांवाचा खेळ घरांत आणला आहे. मे महिन्याच्या सुटींत त्याचा डाव सुरू झाला, तो अर्धाच राहिला, आणि दिवाळीस सारीं भावंडें जमतांच पुढें चालू झाला.

हा खेळ अमेरिकेंत १९७४ सालीं गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघांनीं प्रसिद्ध केला. त्यास पट लागतोच असें नाहीं. प्रत्येकानें एकेक सोंग घ्यावयाचें, कोणी योद्धा, कोणी चोर, कोणी मांत्रिक. त्याचें बळ, बुद्धि, चपळाई कागदावर मांडावयाची. आणि 'डंजन मास्टर' म्हणून जो एक जण असतो तो गोष्ट सांगत जाईल तसतसें आपल्या सोंगास साजेल असें वागावयाचें. एखादी गोष्ट साधेल कीं नाहीं अशी शंका आली म्हणजे वीस बाजूंचा फांसा टाकावयाचा. हा डंजन मास्टर म्हणजे कीर्तनकार, सूत्रधार आणि मॅजिस्ट्रेट एकाच देहांत. कायद्याचें पुस्तक मात्र तीनशेंहून अधिक पानांचें आहे, आणि तें पाहून आमच्या मनांत या खेळाविषयीं एकाएकीं आदर उत्पन्न झाला.

आमची बारा वर्षांची नात या खेळांत 'ड्रुइड' झाली होती. ड्रुइड हे मूळचे प्राचीन केल्टिक लोकांचे पुरोहित. खेळांतली ड्रुइड मात्र वनसृष्टीची उपासक असून तिला पशूचें रूप घेतां येतें. दुसऱ्या पायरीवर ही विद्या मिळते, एका विश्रांतीपासून दुसऱ्या विश्रांतीपर्यंत दोनदांच चालते, आणि जो पशु पूर्वीं पाहिला असेल त्याचेंच रूप घेतां येतें. (लांडगा पाहिला आहेस का, असें आम्हीं विचारलें, तेव्हां "मी नाहीं पाहिला, तिनं पाहिलाय," असें उत्तर आलें. साक्षीदार असावा तर असा.)

आतां खटला. नातीच्या ड्रुइडनें लांडग्याचें रूप घेतलें तेव्हां तिच्या स्वतःच्या देहांत सहा 'हिट पॉइंट', म्हणजे घाव सोसण्याची सहा मापें, शिल्लक होतीं. लांडग्याचा देह मिळाला कीं त्याचीं निराळीं अकरा मापें मिळतात. झुंजींत तीं कमी होत होत तीनावर आलीं, आणि एका राक्षसाच्या सोट्याचा आठाचा घाव बसला. लांडगा संपला, रूप मोडलें, मुलगी उघडी पडली, येथपर्यंत कोणाचाच वाद नव्हता. वाद पुढें. नातू म्हणाला, घाव आठाचा होता, तेव्हां सहांतून आठ गेले, ती पडली. नात म्हणाली, आठांपैकीं तीन लांडग्यानें सोसले; तिच्या वांट्यास पांच; सहांतून पांच गेले; ती उभी आहे.

त्या सकाळींच वडील मंडळींनीं मुलांस बलीची कथा सांगितली होती. नातीनें तीच पुराव्यांत दाखल केली. "आजोबा, वामनानं मागतांना लहान पाऊल दाखवलं आणि मोजतांना मोठं मोजलं. हें बरोबर नव्हतं ना? घाव लांडग्याला बसलाय. मग मोजायचा तोहि लांडग्यापासूनच."

मुद्दा नामी होता. परंतु आमच्या डोक्यांत तोंवर मारीच उभा राहिला होता. वाल्मीकींच्या मारीचास बाण लागला तो हरिणाच्या देहीं; हरिणाचें सोंग गळालें, मूळचा राक्षस प्रकट झाला, आणि बाण होता तसाच सगळाच्या सगळा राक्षसाच्या उरांत होता. बाणाचा अमुक भाग हरिणानें घेतला व बाकीचा मारीचाकडे वळता झाला, असें रामायणांत कोठें आहे? सबब घाव अखंड आहे, आठच्या आठ धरावेत, असा आम्हीं निकाल दिला आणि स्वतःच्याच युक्तिवादावर खूष होऊन पानाचा डबा पुढें ओढला.

पुढें काय झालें तें थोडक्यांत सांगतों. बेशुद्ध पडलेल्या पात्रानें दर पाळीस फांसा टाकावयाचा. दहाच्या खालीं तीन वेळां दान पडलें कीं मृत्यु. सोबतचे दोघे ओढ्यापलीकडे अडकलेले. तीन वेळां दान खालींच पडलें. नात एक शब्द बोलली नाहीं. मे महिन्यापासून जपलेल्या त्या कागदाची तिनें चार पदरी घडी केली आणि ती माजघरांत ताटें मांडूं लागली. ती रडली असती तर आम्हांस बरें वाटलें असतें.

रात्रीं झोंप येईना म्हणून आम्हीं तें पुस्तक उशाशीं घेतलें. रूपपालटाचें प्रकरण काढलें. ज्या वाक्यावर आम्ही थांबलों होतों त्याच्या पुढच्याच वाक्यांत स्पष्ट लिहिलें होतें कीं, पशूचीं मापें संपून रूप मोडलें, तर जेवढा घाव उरला असेल तेवढाच मूळ देहाकडे जातो. वर उदाहरणहि दिलें होतें: पशुरूपांत एक माप शिल्लक असतां दहाचा घाव बसला, तर मूळ देहास नऊच बसतात. नातीचें अक्षर न् अक्षर बरोबर होतें. वाक्य पुरतें न वाचतां बोलणें, याच एका पापासाठीं आम्हीं प्रतिपक्षाच्या कितीएक तरुण वकिलांची भर कोर्टांत टर उडविली आहे.

बरें, वाक्यार्थ कसा लावावा हें आम्हांस ठाऊक नव्हतें असेंहि नाहीं. आमच्या जिल्ह्याच्या दक्षिण शिवेवरून जी गोदावरी वाहते, तिच्याच कांठीं वरच्या बाजूस पैठण आहे. तेथून सोळाव्या शतकांत रामेश्वरभट्ट काशीस गेले; त्यांचे पणतू कमलाकरभट्ट यांनीं १६१२ सालीं 'निर्णयसिंधु' पुरा केला; आणि शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकाचे गागाभट्ट हे कमलाकरांचे पुतणे. हें सगळें घराणें मीमांसकांचें, म्हणजे एका वचनाशीं दुसरें वचन भांडूं लागलें असतां निवाडा कसा करावा, या विद्येचें. प्रकरण उपक्रमापासून उपसंहारापर्यंत वाचावें. संशय पडल्यास उरलेल्या वाक्याकडे पाहावें. सामान्य नियमास विशेष नियम बाधतो. हा शेवटचा न्याय तर खेळाच्या पुस्तकानेंहि आरंभींच सांगून ठेवला आहे. त्या अमेरिकन गृहस्थांस जैमिनि ठाऊक असण्याचा संभव नाहीं, पण नियम लिहूं लागलें कीं माणूस त्याच वाटेनें जात असावा. आमच्या कपाटांत 'निर्णयसिंधु'ची आजोबांची प्रत आहे. त्या कपाटाखालीं बसून आम्हीं तो निकाल दिला होता.

शिवाय मारीच तरी निर्विवाद कोठें होता? महाभारतांत किंदम ऋषि हरिणरूपांत असतां पंडूचा बाण लागून पडतो, मनुष्यवाणीनें शाप देतो, आणि हरिणाच्याच देहांत प्राण सोडतो. वाल्मीकींकडे रूप मोडतें, व्यासांकडे मोडत नाहीं. खेळाच्या पुस्तकाचेंहि तसेंच आहे. मुलांजवळची प्रत २०१४ सालची. २०२४ सालच्या सुधारलेल्या आवृत्तींत पशूचीं निराळीं मापें मिळतच नाहींत, आपलींच राहतात आणि वर पायरीइतकीं तात्पुरतीं मिळतात. पंचांगांत स्मार्त एकादशी आणि भागवत एकादशी अशा दोन छापलेल्या असतात, त्यांतलाच हा प्रकार. आपलें घर कोणती पाळतें हें आधीं ठरलेलें असलें म्हणजे भांडण नाहीं.

पुस्तक मिटणार तोंच त्याच प्रकरणांतल्या एका कलमावर नजर गेली. रूप पालटल्यावर काय जातें आणि काय राहतें, याची तेथें यादी आहे. बळ, चपळाई, काठी हीं पशूचीं होतात. नवा मंत्र म्हणतां येत नाहीं, पण आधीं म्हटलेल्या मंत्रावरचें चित्त ढळत नाहीं. पशूला बोलतां येत नसेल तर वाचा जाते. परंतु बुद्धि, शहाणपण आणि स्वभाव मूळचेच राहतात. हें वाचतांना आम्हांस आत्याबाई आठवल्या, आणि मग झोंपेचा प्रश्नच उरला नाहीं.

आत्याबाई म्हणजे आमच्या आजोबांची धाकटी बहीण. नवव्या वर्षीं लग्न, चौदाव्या वर्षीं वैधव्य. तो सुमार १९१४ चा. पुण्यास कर्व्यांनीं विधवांसाठीं आश्रम काढून तेव्हां अठरा वर्षें होऊन गेलीं होतीं. पण पुणें इंग्रजी मुलखांत आणि आमचें जालना निजामाच्या राज्यांत, आणि वारें तेवढ्या लांबून येतां येतां मंद होई. केशवपन झालें, लाल आलवण आलें, आणि त्या माहेरीं परत आल्या त्या कायमच्या. आम्हांस त्या आठवतात त्या पन्नाशी उलटलेल्या, माजघराच्या उंबऱ्याआड फुलवाती वळीत बसलेल्या. लग्नापूर्वीं त्या सोंगट्यांत आजोबांसहि हरवीत असत, असें आम्हीं मोठेपणीं ऐकलें. विधवा झाल्यावर पटाशीं त्यांस कोणी बसविलें नाहीं. असा नियम कोणत्या ग्रंथांत आहे हें कोणी पाहिलेंहि नसावें.

हैदराबाद संस्थान जाऊन सात-आठ वर्षें झालीं होतीं. आम्ही आठ वर्षांचे असूं. पाडव्याची संध्याकाळ, ओसरीवर पट पडलेला, आजोबा आणि शेजारचे एक वृद्ध गृहस्थ समोरासमोर. त्या गृहस्थांच्या दोन सोंगट्या एका घरांत, म्हणजे जुग झालेलें. आजोबांनीं आपली एकटी सोंगटी आणून तें जुग मारलें. गृहस्थ म्हणाले, चालत नाहीं. आजोबा म्हणाले, चालतें. आवाज चढले. तेवढ्यांत उंबऱ्याआडून शब्द आले, "जुग एका सोंगटीनं मरत नाहीं."

आजोबांनीं वळूनहि न पाहतां म्हटलें, "तुला ग काय करायचंय पटाशीं?"

"केस भादरले, दादा. डाव नाहीं भादरला."

आम्हां मुलांस त्यांतलें 'भादरले' एवढेंच समजलें आणि आम्ही खो खो हंसलों. आजोबांनीं उत्तर दिलें नाहीं. पण आपली सोंगटी उचलून मागें ठेवली. नियम मान्य झाला. आत्याबाईंस मात्र त्या दिवशीं पटावर बोलाविलें नाहीं, त्यानंतरहि कधीं नाहीं. १९६१ सालीं त्या वारल्या. वामन आणि मारीच आम्हांस प्रथम त्यांनींच सांगितले.

दुसऱ्या दिवशीं भाऊबीज. आंघोळी उरकल्यावर आम्हीं मुलांस ओसरीवर बोलावलें आणि आपला निकाल आपणच रद्द केला. या घरांत वडील माणसानें निकाल फिरविल्याचें उदाहरण आमच्या आठवणींत नसल्यामुळें जीभ जराशी जड झाली. नातू कुरकुरला. त्याच्या म्हणण्यांत तथ्य होतें. रात्रीं डाव बराच पुढें गेला होता, ड्रुइडच्या शोकांत सोबत्यांनीं एक पूलसुद्धां जाळला होता, आणि झालेलें सगळें उलटें फिरवीत बसलें तर खेळ चालावयाचा कसा? अखेरीस त्यानेंच तोड काढली: ती मेली असें सोबत्यांस ओढ्यापलीकडून वाटलें, इतकेंच. पूल जळलेलाच राहील. नातीनें ती मान्य केली, पण आमच्याकडे पाहिलें नाहीं.

म्हणून आम्हीं आत्याबाईंची गोष्ट सांगितली. आपण हंसलों होतों तेंहि सांगितलें. मुलें गप्प बसलीं. मग नातीनें विचारलें, "त्यांचं नांव काय होतं?"

"आत्याबाई."

"तें नातं झालं, आजोबा. नांव?"

आम्हांस सांगतां येईना. धाकट्या बंधूंसहि येईना. वंशावळीचा कागद काढून पाहिला. अकरा पिढ्यांचा आहे, आणि त्यांत मुलगे तेवढे आहेत. घरांत त्यांचा एकच फोटो, पदर कपाळाखालीं ओढलेला, आणि मागें फक्त साल. अखेर आमच्या थोरल्या वहिनी, ज्यांचें वय आतां पंचाऐंशींच्या पुढें आहे, स्वयंपाकघरांतून म्हणाल्या, "वेणू. सासरचं कांहीं दुसरं होतं, तें त्यांनाच आवडत नसे. वाती वळतांना मला एकदां सांगितलं होतं."

नातीनें कागदाची घडी उलगडून तो गुडघ्यावर सारखा केला, हिट पॉइंटांच्या चौकटींतलें शून्य खोडून एक लिहिला, आणि पाळी कोणाची आहे म्हणून विचारलें.