रायतूरची टेकडी

मडगावाहून राय गावच्या वाटेने निघाले म्हणजे भातखाचरे आणि माडांच्या रांगा ओलांडून रायतूरचा चढ लागतो. पोर्तुगीज या गावास राशोल म्हणत. एके काळी येथे किल्ला होता. त्याचा जुना दरवाजा आजही उभा आहे. वर टेकडीवर विस्तीर्ण सेमिनरी. तिचा पाया १६०६ साली घातला गेला. मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबाने येथे एकदा तरी यावे, कारण १६१६ साली ‘क्रिस्तपुराण’ प्रथम छापले गेले ते याच रायतुरात.

त्याचे कर्ते फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडचे येशूसंघीय. ४ एप्रिल १५७९ रोजी त्यांनी लिस्बन सोडले व २४ ऑक्टोबरला ते गोव्यास पोहोचले. त्या खडतर प्रवासाची हकीकत त्यांनी आपल्या वडिलांस पत्राने कळविली. पुढे चाळीस वर्षे ते याच भूमीत राहिले आणि १६१९ मध्ये येथेच त्यांनी देह ठेवला. मायभूमीची आठवण त्यांना येत नसेल काय? परंतु त्यांनी परक्या लोकांची भाषा आपली मानली आणि त्या भाषेत सुमारे अकरा हजार ओव्या रचून प्रभूचे चरित्र गायिले.

वाचकहो, आपल्या गावांतूनही आज कितीतरी मुले आखातात गेली आहेत. तेथे असलेल्याला घराची ओढ, घरी राहिलेल्याला तेथील पगाराची. दोघांसही वाटते, सुख पलीकडच्या तीरावर आहे. मागे राहिलेल्या आईचे एकाकीपण खोटे नाही, आणि श्रद्धेने ते एका रात्रीत नाहीसे होते असेही नाही.

संत पौलाने फिलिप्पैकरांस पत्र लिहिले तेव्हा तो बंदिवासात होता. तरीही, असेल त्या स्थितीत तृप्त राहावयास आपण शिकलो, असे त्याने कळविले. ‘शिकलो’ हा शब्द ध्यानी घ्यावा. परकी भाषा रोज थोडी थोडी, अडखळत यावी, तसेच समाधानही येते. देवाने जेथे ठेविले तेथेच तो आपल्यासोबत आहे, हा विश्वास त्या शिक्षणाचा आधार.

तेव्हा आज रात्री रोजरीनंतर घरातील प्रत्येकाने दिवसातील एका देणगीबद्दल प्रभूचे आभार मानावे, आणि उद्या एकट्या राहणाऱ्या एखाद्या शेजाऱ्याची विचारपूस करावी. हा पहिला धडा. फादर स्टीफन्स यांनाही मराठीची मुळाक्षरे कधीतरी गिरवावीच लागली असतील.